समुपदेशकाच्या शिदोरीचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या एका निकालाकडे मराठवाड्याने विशेष लक्ष द्यायला हवे. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. न्यायालयाने त्याचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवलाच, पण तेवढ्यावर न थांबता देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचनाही घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने, बालक व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, ही त्यातील एक प्रमुख सूचना. शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि खासगी शिकवण्या यांपैकी कोणालाही न्यायालयाने वगळलेले नाही.

निकाल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु नेमणुकीचा आदेश निघाला म्हणजे नेमण्याजोगा माणूस उभा राहतो, असे होत नाही. पुण्या-मुंबईतील संस्थांना जाहिरात दिली तर दहा अर्ज येतील. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरसारख्या तालुक्यातील शाळेने जाहिरात दिली तर कोण येणार? आणि कोणीच आले नाही, तर शाळा काय करणार? एखाद्या शिक्षकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ सोपवला जाईल, चार दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लागेल आणि तपासणीच्या वहीत रकाना भरला जाईल. न्यायालयाच्या आदेशाचे पालन होईल. मुलाच्या मनातील काहूर मात्र जागच्या जागी राहील.

हिमायतनगर, म्हणजे जुने वाढोणा, हे परमेश्वराच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील तेलंगणाच्या सीमेलगतचे गाव. उत्तरेला पैनगंगा, शेतात कापूस, सोयाबीन आणि तूर. माणसांच्या तोंडी मराठी, तांड्यांवर गोरमाटी, बाजारात तेलुगू आणि दखनीही. येथील मुले बारावीच्या आसपास नांदेडला किंवा लातूरला शिकवणीसाठी जातात. ‘लातूर पॅटर्न’ने महाराष्ट्राला डॉक्टर आणि अभियंते दिले, याचा अभिमान रास्तच आहे. पण पहिल्या शंभरात नाव नसलेली, कर्ज काढून पाठवलेली आणि घरी तोंड कसे दाखवायचे या धास्तीने खोलीत बसलेली मुले त्याच पॅटर्नची आहेत. त्यांचे वडील मागे गावी पावसाकडे आणि सावकाराकडे आळीपाळीने पाहत असतात. एकाच घरात दोन पिढ्यांचा ताण असा समांतर चाललेला असतो.

या ताणाची मोजदाद कटू आहे. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीनुसार २०२३ या एका वर्षात मराठवाड्यातील १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या; त्यांपैकी १७५ नांदेड जिल्ह्यातील आणि ७२ लातूर जिल्ह्यातील होत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्यांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे. ती संख्या २२,७४६ इतकी आहे. शेतीचे अर्थकारण, पाणी, बाजारभाव आणि कर्ज ही या दुःखाची मुळे आहेत आणि समुपदेशन हा त्यांवरचा पर्याय नव्हे. सोयाबीनला भाव मिळाला नाही, तर गोड शब्दांनी तो मिळत नाही. पण संकटात सापडलेली सगळीच माणसे जीव देत नाहीत. संकट आणि शेवटचा निर्णय यांच्यामध्ये काही रात्री असतात. त्या रात्रींत ऐकून घेणारे, धोका ओळखणारे आणि वेळेवर डॉक्टरपर्यंत नेणारे माणूस जवळ असावे, एवढीच येथे मागणी आहे.

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. तरीही त्यातून प्रमाणाची कल्पना येते. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळतच नसल्याचे दिसले. एक लाख वस्तीचा आणि पासष्ट हजार प्रौढांचा तालुका गृहीत धरला, तर त्यात सुमारे सात हजार माणसे अशी निघतील आणि त्यांतील निदान पावणेपाच हजार जणांपर्यंत काहीही पोहोचलेले नसेल. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या देशात लाखामागे एकही भरत नाही. एवढ्यांना ते पुरणार कसे? बहुतेकांना औषधाच्या आधी किंवा औषधाच्या जोडीला लागतो तो प्रशिक्षित समुपदेशकच.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ पासून मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा अशा चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू झाला. आशा सेविकांनी घरोघर जाऊन ठरावीक प्रश्नावलीच्या आधारे खचलेल्या शेतकऱ्यांना हेरावे आणि पुढील उपचारासाठी पाठवावे, अशी त्याची रचना. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्राने ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली; १४४१६ या क्रमांकावर कोणालाही विनामूल्य बोलता येते आणि गरजूंनी तो क्रमांक अवश्य वापरावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर अशी सेवा मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्कच ठरवला. म्हणजे कायदा आहे, दूरध्वनी आहे, प्रश्नावली आहे. साखळी तुटते ती पुढे. आशाताईंनी हेरलेल्या माणसाने जायचे कोठे? भोकरमार्गे नांदेड गाठायचे म्हणजे मजुरीचा दिवस बुडतो. एका भेटीने भागत नाही, सहा-आठ भेटी लागतात. दुसऱ्याच भेटीला खाडा पडतो आणि प्रकरण तेथेच संपते.

शिवाय भाषेचा प्रश्न आहे. ‘नैराश्य’ हा शब्द येथील बाई उच्चारत नाही. ती म्हणते, जिवाला कसेनुसे होते, छातीत धडधडते, कशातच मन लागत नाही. तांड्यावरची आजी हे गोरमाटीत सांगते. कोणी म्हणते, बाहेरचे लागले, आणि देवऋष्याकडे जाते. हे सारे ऐकून त्यातला आजार कोणता, दुःख कोणते आणि नवऱ्याची मारहाण कोणती, हे वेगळे काढायला पुस्तकी ज्ञान लागतेच, पण त्या मातीची ओळखही लागते. म्हणूनच हिमायतनगरचा समुपदेशक बाहेरून धाडून भागणार नाही. तो हिमायतनगर, किनवट, हदगाव, भोकर याच भागातून घडायला हवा.

आणि घडवण्याचा खर्च आहे. येथील एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीने समुपदेशक व्हायचे ठरवले, तर तिच्या वाटेत काय काय आहे ते पाहावे. तीन वर्षांची पदवी, दोन वर्षांची मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी. त्यानंतर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ व्हायचे, तर आजवरचा राजमार्ग म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतील दोन वर्षांचे एम.फिल. त्याच्या जागा मूठभर आणि त्याही बहुतांशी मोठ्या शहरांत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एम.फिल. ही पदवीच बंद करायचे ठरवल्यामुळे परिषदेला नवे अभ्यासक्रम आखावे लागले. समुपदेशनाची वाट धरायची, तर पदविका, कार्यशाळा आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालील सराव. शुल्क माफ झाले, तरी पुण्यातील खोलीचे भाडे आणि खाणावळ माफ होत नाही. सरावाच्या काळात वैद्यकीय पदवीधराला विद्यावेतन मिळते; समुपदेशन शिकणाऱ्याला ते क्वचितच मिळते. शिकून झाल्यावर वाट पाहत असते ती अकरा महिन्यांची कंत्राटी नेमणूक, तीही मानधनावर. अशा स्थितीत सुखवस्तू घरातील मुलेच या व्यवसायात टिकतात आणि ती शहरातच थांबतात. यात त्यांचा दोष नाही. ज्या घराला पाच-सात वर्षांची कमाई सोडता येते, त्याच घरातून समुपदेशक निघतो. आणि ज्या घराला समुपदेशकाची सर्वाधिक गरज आहे, त्याची भाषा त्याला येत नाही.

व्यावसायिक ओळखीचा प्रश्नही तितकाच बिकट आहे. १९९२ च्या कायद्याने पुनर्वास परिषदेकडे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी आली. समुपदेशक मात्र वर्षानुवर्षे कोणत्याच दप्तरात नव्हता. परिणाम असा, की सहा वर्षे शिकलेली व्यक्ती आणि सहा दिवसांचे शिबिर केलेली व्यक्ती दोघेही दारावर एकच पाटी लावू शकतात. २०२१ च्या ‘राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग’ कायद्याने प्रथमच वर्तनविषयक आरोग्यशास्त्रांचा स्वतंत्र गट मान्य केला आणि त्यात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, मनोसामाजिक कार्यकर्ते यांना स्थान दिले. हे पाऊल मोठे आहे. पण नोंदणीचा लाभ तालुक्यापर्यंत जाणार असेल, तरच त्याला अर्थ. नोंदणीसाठी लागणारा देखरेखीखालील सराव फक्त महानगरांत उपलब्ध राहिला, तर परवाना हा लोकांच्या संरक्षणाचा उपाय न राहता खेड्यातील मुलीपुढची आणखी एक भिंत ठरेल.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो सेवाभावी कार्यात आयुष्य घालवलेल्या मंडळींकडूनच येतो. दुःखिताचे ऐकून घेणे ही तर सेवा. तिला परवाने, वेतने आणि पाठ्यवृत्त्या कशाला? आपल्याकडे कीर्तनकार होते, घरात वडीलधारी होती, देवळाचा पार होता. कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या हातून धनुष्य गळाले तेव्हा श्रीकृष्णाने कोठे प्रमाणपत्र दाखवले?

आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. अर्जुनाच्या विषादाला श्रीकृष्णाने ‘धीर धर’ एवढ्या दोन शब्दांत वाटेला लावले नाही. एक संपूर्ण अध्याय अर्जुनाचे ऐकले गेले. मग त्याच्या शंकेमागून शंकेचे निरसन सतरा अध्याय चालले. ऐकणे आणि योग्य क्षणी योग्य ते बोलणे ही विद्या आहे, हेच त्यातून दिसते. कीर्तनाचा आणि वडीलधाऱ्यांचा आधार आजही मोलाचा आहे. पण घराघरांतील तरुण पुणे-हैदराबादकडे गेले, गावात म्हातारी माणसे उरली. पारावर बसणाऱ्याला स्वतःचेच दुःख आवरत नाही. तीव्र नैराश्य, छिन्नमनस्कता, दारूचे व्यसन यांवर सदिच्छा पुरत नाही. उलट ‘मन घट्ट कर’ हा सदिच्छेचा सल्ला अशा माणसाला अधिक एकटे पाडतो.

सेवेच्या नावाखाली फुकट राबवून घेणे ही तर सेवेचीच अवहेलना होय. १९६६ मध्ये डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील सुखासीन आयुष्य नाकारून लातुरात विवेकानंद रुग्णालय उभे केले. त्या ध्येयवादाचे स्मरण मराठवाडा कृतज्ञतेने करतो. पण ते लातुरात आले तेव्हा हातात पदव्या होत्या. त्या पदव्यांचा खर्च कोणीतरी आधी सोसलेला होता. ध्येयवाद माणसाला खेड्यात आणू शकतो, परंतु तो त्याचे शिक्षण करू शकत नाही. ज्या मुलीच्या घरी सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा आहे, तिच्याकडून पाच वर्षांचे शिक्षण, दोन वर्षांचा बिनपगारी सराव आणि वर सेवाभाव अशी तिहेरी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शिदोरी बांधून दिली, तरच यात्रेकरू पोहोचतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. इतक्या शिकलेल्या माणसांची गरजच काय? गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने सर्वसामान्य स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले आणि सहा-आठ भेटींत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना लक्षणीय उतार पडल्याचे शास्त्रीय चाचणीने दाखवून दिले. अमरावती जिल्ह्यातील गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात नैराश्यावर मदत मिळवणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. दूरच्या झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याबाहेरच्या बाकावर प्रशिक्षित आजीबाई बसवल्या आणि तो ‘मैत्रीचा बाक’ जगभर वाखाणला गेला. मग हिमायतनगरातही आजीबाईंचा बाक का नको?

अवश्य हवा. पण या तिन्ही प्रयोगांचे मर्म नजरेआड होता कामा नये. गावातील कार्यकर्त्याच्या पाठीशी तेथे सतत एक जाणकार होता. त्याचे काम तपासणारा, चुकले तर सावरणारा, धोक्याचा रुग्ण पुढे पाठवणारा. हा जाणकार काढून घेतला, तर बाक तेवढा उरतो. म्हणून शंभर आजीबाई हव्या असतील, तर त्यांच्यामागे नोंदणीकृत असे चार-पाच समुपदेशक तालुक्यात हवेतच. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

मग करायचे काय? अमेरिकेत समुपदेशकाला पदव्युत्तर शिक्षणानंतर राज्याराज्यांत कमीअधिक, पण काही हजार तासांचा देखरेखीखालील सराव केल्यावरच परवाना मिळतो. तेथेही खेडी ओस पडतातच. त्यावर १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘राष्ट्रीय आरोग्य सेवा दला’ने एक साधा तोडगा काढला आहे. तज्ज्ञांची वानवा असलेल्या भागात ठरावीक वर्षे सेवा द्या, तुमच्या शिक्षणाचे कर्ज सरकार फेडील. या योजनेत डॉक्टरांबरोबर समुपदेशकही येतात. महाराष्ट्राला बंधपत्राची कल्पना नवी नाही. शासकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना ती लागू आहेच. समुपदेशकांसाठी तीच कल्पना आधी देऊन मग मागण्याच्या पद्धतीने राबवता येईल. शिक्षणाच्या काळात दरमहा निर्वाहापुरते विद्यावेतन आणि त्याबदल्यात स्वतःच्या तालुक्यात तीन वर्षे नियमित वेतनावर सेवा.

त्यासाठी नवे महामंडळ नको. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणासाठी विद्यावेतन आणि संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती देतात. हजारो तरुण ज्या परीक्षांच्या मागे उमेदीची वर्षे घालवतात, त्यांत यश मोजक्यांनाच मिळते. त्याच योजनांत समुपदेशनाच्या शिक्षणासाठी तालुकानिहाय काही जागा राखल्या, तर प्रत्येक जागेमागे समाजाला एक निश्चित सेवक मिळेल. सरावाची सोय नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेने करावी. तालुक्यात बसलेल्या उमेदवारावर दृक्‌श्राव्य माध्यमातून देखरेख ठेवणे आता अवघड राहिलेले नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने स्थानिक बोलीतील संवादावर भर देणारा अभ्यासक्रम आखावा. लहान शाळांना स्वतंत्र समुपदेशक परवडणार नाही, तेथे केंद्रशाळेच्या पातळीवर एक पद निर्माण करावे.

आणि सगळे शासनावर सोपवून समाजाने हात झटकू नयेत. मराठवाड्यात देवस्थाने आहेत, बाजार समित्या आहेत, पतसंस्था आणि साखर कारखाने आहेत, लातूर-नांदेडच्या शिकवण्यांची भरभराट आहे. भंडाऱ्याला, सप्ताहाला, सत्काराला आपल्याकडे पैसा कमी पडत नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरातून कोणी उपाशी परतत नाही, ही या भूमीची रीत आहे. प्रत्येक तालुक्यातील मोठ्या संस्थेने एका विद्यार्थिनीचे शिक्षण अंगावर घेतले, तरी पाच-सात वर्षांत चित्र पालटेल. ज्या शिकवण्या मुलांच्या यशाचे फलक चौकाचौकांत लावतात, त्यांनी तर हे ऋण म्हणून फेडावे.

१९८४ मध्ये दांडेकर समितीने महाराष्ट्रातील प्रादेशिक अनुशेष मोजला, तेव्हा रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांची तूट रुपयांत मांडली गेली. मनाच्या आरोग्याचा अनुशेष त्यात कोणी मागितला नव्हता आणि कोणी मोजलाही नव्हता. राज्याला ब्रिटिश अमदानीतून मिळालेली चारही प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील. निजामाच्या अमलाखालील मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नव्हते. तो इतिहास आता बदलता येणार नाही. पण हिमायतनगरच्या एखाद्या महाविद्यालयात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला बसलेली, मैत्रिणींची दुःखे न कंटाळता ऐकून घेणारी मुलगी आज तेथे आहे. तिला हा मार्ग दाखवायचा, तिची शिदोरी बांधायची आणि शिकून आल्यावर तिला मानाची खुर्ची द्यायची, की चार वर्षांनी घरच्यांनी तिचे लग्न उरकलेले पाहून हळहळायचे, हे ठरवणे मात्र पूर्णपणे आजच्या समाजाच्या हातात आहे. येत्या शैक्षणिक वर्षापासून निदान एका तालुक्यात तरी याचा आरंभ व्हावा.